चौथ्यांदा क्लेम भरण्याआधी

प्रश्न : वाचक ३४ वर्षांचे, मूळचे बीड जिल्ह्यातले. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत साडेतीन वर्षं कामाला होते, त्याआधी रांजणगावला दुसऱ्या कंत्राटदाराकडे दोन वर्षं. ऑर्डर कमी झाल्या म्हणून ऑगस्टअखेर काम थांबलं. शेवटचा पगार देताना कंत्राटदाराच्या माणसाने छापील राजीनाम्यावर सही घेतली. पीएफचा क्लेम तीनदा परत आला : एकदा नावात फरक म्हणून, पुढे दोनदा नोकरी सोडल्याची तारीख नाही म्हणून. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) पोर्टलचा ओटीपी बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जातो. नाक्यावरचा एजंट दहा टक्के घेऊन 'सगळं करून देतो' म्हणतो. घरी पत्नीची थायरॉइडची औषधं ईएसआय दवाखान्यातून चालू आहेत. वाचक विचारतात : पोर्टल मुद्दाम पैसे अडवतं का? तक्रार कुठे करू? एजंटला द्यावेत का? आणि राजीनाम्यावर सही केली म्हणजे बेरोजगारी भत्ता गेलाच ना?

उत्तर :

तुमच्या पत्रात पीएफ आणि बेरोजगारी भत्ता एकाच दमात आले आहेत. आधी ते वेगळे करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. पीएफ ही तुमची स्वतःची साठवण, ती ईपीएफओ या केंद्रीय पीएफ संघटनेकडे, बारा आकडी यूएएनवर, म्हणजे सदस्याच्या पीएफ क्रमांकावर. भत्ता हा विम्याचा लाभ. तो ईएसआय महामंडळाकडून, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली, दहा आकडी विमा क्रमांकावर मिळतो. कार्यालयं वेगळी, पोर्टलं वेगळी. एकीकडे नाव किंवा मोबाइल दुरुस्त केला म्हणून दुसरीकडे तो आपोआप बदलत नाही. तुम्हाला दोन कामं करायची आहेत, आणि ती एकाच वेळी चालू ठेवता येतात.

पोर्टल मुद्दाम अडवतं, असं मला वाटत नाही. क्लेमचा फॉर्म हा शेवटचा टप्पा असतो. तो पुढे सरकण्याआधी आधारवरचं नाव, यूएएनमधली माहिती, कंत्राटदाराने भरलेल्या तारखा आणि बँकेतलं नाव एकमेकांशी ताडलं जातं. फरक सापडला की क्लेम परत, आणि शेऱ्यात बहुतेक वेळा एकच कारण लिहिलेलं असतं. ते दुरुस्त करून पुन्हा भरला की मागे दडलेलं दुसरं कारण वर येतं. तुमचं नेमकं हेच झालं. तारखेची नोंद तीच राहिली, म्हणून तिसऱ्या वेळी उत्तरही तेच आलं. तेव्हा चौथा क्लेम सध्या बाजूला ठेवा.

पहिलं काम मोबाइलचं. आधारला जोडलेला नंबर चालू नसेल तर पुढचा एकही ओटीपी येणार नाही. बरेच दिवस रिचार्ज न केलेलं सिम कंपनी बंद करते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्याला देते, त्यामुळे 'जुनाच राहू दे' हे धोक्याचंही आहे. आधार केंद्रावर जाऊन चालू नंबर जोडून घ्या. त्यासाठी ७५ रुपये लागतात, पावती मागून घ्या. तो जोडला गेला की यूएएन पोर्टलवरही तोच नंबर टाका. ईएसआयचं थोडं निराळं आहे. तिथला नंबर बदलायला आधार, बँक पासबुक आणि ई-पहचान पत्राची (ईएसआयच्या ओळखपत्राची) प्रत घेऊन शाखा कार्यालयात जाणं सरळ पडतं.

दुसरं नाव. आपल्याकडे हा घोळ फार होतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी. एकीकडे वडिलांचं नाव 'रामराव', दुसरीकडे 'रामभाऊ'. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर पॅन, आधार आणि पीएफ अशी तीन नावं निघतात. आधी ठरवा की आधारवरचं नाव बरोबर आहे का. तेच चुकलं असेल तर दुरुस्ती तिथून सुरू करा, कारण बाकी सगळं आधारशीच ताडलं जातं. आधार बरोबर असेल तर यूएएन पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये जाऊन नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव दुरुस्त करता येतं. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारने पडताळलेला यूएएन असेल, तर जानेवारी २०२५ पासून अशा दुरुस्त्या सदस्य स्वतःच करू शकतो. त्याला ना कागद लागतात ना मालकाची मंजुरी. तुमची दोन्ही कामं त्यानंतरची आहेत, म्हणजे हा रस्ता तुम्हाला मोकळा आहे. यूएएन त्याआधीचा असेल तर दुरुस्ती मालकाकडे मंजुरीला जाते. मालकाने गाशा गुंडाळला असेल तर छापील जॉइंट डिक्लरेशनवर (दुरुस्तीच्या संयुक्त अर्जावर) राजपत्रित अधिकारी किंवा नोटरीसारख्या अधिकृत व्यक्तीची सही घेऊन ते क्षेत्रीय कार्यालयाच्या पीआरओ (जनसंपर्क) खिडकीवर द्यावं लागतं.

आता ज्या तारखेवर तुमचा क्लेम दोनदा अडला ती. नोकरी सोडल्याची तारीख भरणं हे कंत्राटदाराचं काम, पण त्याने भरली नाही तर तुम्ही स्वतः भरू शकता. ही सोय फार कमी जणांना ठाऊक असते. 'मॅनेज'मध्येच 'मार्क एक्झिट' आहे. कंत्राटदाराने भरलेल्या शेवटच्या वर्गणीच्या महिन्यानंतर दोन महिने झाले की ती सोय खुली होते. तुमची शेवटची वर्गणी ऑगस्टच्या पगाराची असेल, तर दोन महिने होऊन गेले आहेत. आधार ओटीपी देऊन तारीख आणि कारण भरायचं. तारीख शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच लागते. एकदा भरली की या पर्यायातून ती बदलता येत नाही, म्हणून घाईत १ ऑगस्ट टाकून मोकळं होऊ नका. हजेरी किंवा पगारचिठ्ठी बघून कामाचा खरा शेवटचा दिवस टाका.

ही तारीख नसली की दिसणारी एक खूण सांगून ठेवतो. क्लेमच्या पानावरच्या यादीत फक्त फॉर्म ३१, म्हणजे आगाऊ रकमेचा पर्याय दिसतो. फॉर्म १९ (पीएफची अखेरची रक्कम) आणि फॉर्म १०सी (पेन्शनचा भाग) बहुतेक वेळा दिसतच नाहीत. लोक म्हणतात साइट अर्धीच उघडते. साइट ठीक असते, नोंदीप्रमाणे तुम्ही अजून नोकरीत असता.

तारीख भरलीत की लगेच फॉर्म १९ भरायचा मोह होईल. तिथे जरा थांबा, कारण रांजणगावचा पीएफ तुम्ही हिशोबात धरलेला नाही. पत्रावरून दिसतं की नव्या खात्यात १ लाख ३८ हजार आहेत आणि जुन्या कंत्राटदाराच्या वेगळ्या यूएएनवर ४१ हजार. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी ५० हजारांहून जास्त पीएफ काढला तर त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, जातो. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. नव्या खात्यातली सेवा साडेतीनच वर्षांची, म्हणजे १३,८०० रुपये तिथेच कापले जातील. जुनं खातं आधी नव्यात वर्ग केलं तर दोन्हीकडची सेवा मिळून साडेपाच वर्षं भरते आणि हा टीडीएस लागत नाही. म्हणजे कुठलं काम आधी करता, यावर चौदा हजार ठरतात. दोन्ही यूएएन एकाच आधारला जोडलेले असतील तर वर्ग करण्याचा क्लेम ऑनलाइन होतो. जुन्याला आधार जोडलेलंच नसेल तर फॉर्म १३ (खातं वर्ग करण्याचा) आणि दोन्ही यूएएन लिहिलेला साधा अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालय गाठा. खातं वर्ग झालं की सर्व्हिस हिस्टरीत दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा दिसतात का ते बघा. आधीच्या नोकरीची सोडल्याची तारीख पुढच्या नोकरीच्या रुजू तारखेनंतरची असेल तर तीही दुरुस्त करून घ्या.

ज्यांची सेवा काहीही केलं तरी पाच वर्षं भरत नाही आणि एकूण उत्पन्न करपात्र नाही, त्यांनी क्लेमसोबत टीडीएस न कापण्याचं स्वयंघोषणापत्र (आजवर फॉर्म १५जी) जोडावं. कंपनी बंद पडली किंवा कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली, तर पाच वर्षांची अट आयकराच्या नियमांत शिथिल आहे. पण मग नोकरी गेल्याचं कारण कागदावर तसं असायला हवं. राजीनाम्याचा विषय इथेही आडवा येतो.

सगळा पीएफ काढावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही. काढायचा हे धरूनच चालला आहात. या गृहीतावर एकदा पुन्हा विचार करा. नोकरी सुटली म्हणून खात्यावरचं व्याज थांबत नाही. २०२४-२५ साठी दर ८.२५ टक्के होता. आजवरची पद्धत अशी : एक महिना बेकारी झाली की ७५ टक्के, दोन महिने झाले की उरलेले. १३ ऑक्टोबर २०२५ ला ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने यात बदल ठरवला. ७५ टक्के लगेच, पूर्ण रक्कम बारा महिन्यांनी, आणि पेन्शनचा भाग छत्तीस महिन्यांनी. त्यामुळे क्लेमच्या पानावर तुम्हाला कोणता पर्याय उघडतो, ते बघूनच घरचा हिशोब मांडा. मी तुमच्या जागी घरभाडं, किराणा आणि हप्ते मिळून तीन महिन्यांचा खर्च काढला असता आणि तेवढ्याचाच फॉर्म ३१ भरला असता. बाकी राहू दिलं असतं.

पेन्शनबद्दल तर माझं मत आणखी ठाम आहे. १०सी भरून ती रक्कम काढली की पेन्शनसाठीची सेवा शून्यावर येते. मासिक पेन्शनला दहा वर्षं लागतात, तुमची साडेपाच झाली आहेत. चौतिसाव्या वर्षी पुन्हा पीएफवाल्या कामाला लागायची शक्यता दांडगी आहे, तेव्हा हातात येणाऱ्या थोड्या पैशांसाठी ही वर्षं पुसू नका. अगदीच अडलं तर गोष्ट वेगळी.

बँकेचं थोडक्यात, पण हे वगळू नका. क्लेमवर 'सेटल्ड' दिसतं आणि पैसे येत नाहीत, ही तक्रार बहुतेक वेळा बँकेपाशी येऊन थांबते. देना, विजया, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या बँका विलीन होऊन आयएफएससी (बँक शाखेचे कोड) बदलले, आणि पीएफच्या केवायसीत जुनाच कोड पडून आहे, हे नेहमीचं कारण. पगारखातं बंद किंवा निष्क्रिय झालेलं असणं, हे दुसरं. तिसरं फसवं आहे : जनधनचं 'लहान खातं' असेल तर त्यात वर्षाला एक लाखापर्यंतच जमा होऊ शकतात आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही, त्यामुळे मोठी रक्कम परत फिरते. बँकेत पूर्ण केवायसी देऊन ते साधं बचत खातं करून घ्या. एप्रिल २०२५ पासून बँक खातं जोडायला मालकाची मंजुरी लागत नाही, क्लेमला चेक किंवा पासबुकाचा फोटोही लागत नाही. रक्कम परत गेलीच, तर नवं खातं जोडून ती पुन्हा पाठवावी असा लेखी अर्ज पीएफ कार्यालयात द्यावा लागतो. ती आपोआप पुन्हा येत नाही.

एवढं झाल्यावर क्लेम भरा. पूर्ण कागदांसह आलेला क्लेम २० दिवसांत निकाली काढायचा असतो. त्यानंतरही हालचाल नसेल तर ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर लिहा. 'पैसे मिळत नाहीत' एवढंच लिहिलं तर ठरावीक उत्तर येतं. क्लेमचा आयडी, तो नाकारल्याचा शेरा जसाच्या तसा, आणि त्यावर तुम्ही काय दुरुस्त केलं ते लिहा, सोबत पडद्याचं चित्र जोडा. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर भरतं. तिथे कागदांच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.

आता भत्त्याकडे. राजीनाम्यावर सही झाली म्हणजे तो गेलाच, असं तुम्ही धरून बसला आहात. अटी नीट वाचा. नोकरी गैरवर्तनामुळे गेली असेल, वयोमानाने निवृत्ती झाली असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर लाभ नाही. तुमचा राजीनामा खरंच स्वेच्छेचा होता का, यावर तुमच्या क्लेमचं वजन ठरेल. 'सोमवारपासून येऊ नका' असा सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज, गेटपास काढून घेतल्याची नोंद, त्याच तारखेला काम थांबलेले इतर कामगार, सगळ्यांच्या सहीचा एकाच मजकुराचा छापील राजीनामा, हे सगळं गोळा करा. मूळ कंपनीच्या (ज्या कारखान्यात काम केलं तिच्या) एचआरला आणि कंत्राटदाराला एक पत्र स्पीड पोस्टाने पाठवा : काम कमी झाल्यामुळे मला थांबवण्यात आलं, नोंदीत तेच कारण लिहावं. ईएसआयच्या मासिक विवरणात 'नोकरी सोडली' आणि 'कामगार कपात' यांना वेगवेगळे कोड आहेत. कंत्राटदाराकडचा मुलगा सवयीने पहिला टाकतो. क्लेममध्ये मात्र जे घडलं तेच लिहा. राजीनाम्यावर सही आहे, हे लपवू नका. खोटं निवेदन अंगाशी येतं.

बाकी अटी अशा : बेकारीच्या आधी किमान दोन वर्षं विमा लागू असलेली नोकरी, लगेच आधीच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात ७८ दिवस. कालावधी दोनच : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम थांबून ३० दिवस झाले की क्लेम करता येतो. तो मालकामार्फत जावा लागत नाही. ऑनलाइन भरून, छापून, सही करून आधार आणि बँकेच्या तपशिलासह शाखा कार्यालयात द्यायचा. रक्कम अशी निघते : मागच्या चार कालावधींतली एकूण मजुरी भागिले ७३०, त्याच्या निम्मी, जास्तीत जास्त ९० दिवस. महिन्याला सरासरी १८,२५० रुपये धरले तर दोन वर्षांचे ४ लाख ३८ हजार, दिवसाला ६००, भत्ता ३०० आणि ९० दिवसांचे २७ हजार. हे ९० दिवस आयुष्यात एकदाच मिळतात. ही योजना मुदत वाढवत वाढवत चालू ठेवलेली आहे, म्हणून शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न मुदतीचा विचारा.

यात काय बिघडतं? कंत्राटदार बदलला की नवा माणूस नवाच विमा क्रमांक काढतो आणि सेवा दोन तुकड्यांत दिसते. नव्या क्रमांकावरची साडेतीन वर्षं तुम्हाला पुरेशी आहेत, पण ज्यांचं कंत्राट दर वर्षी बदलतं त्यांनी दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज आधी द्यावा. दुसरं, पगारातून ०.७५ टक्के कापलेले असतात पण भरलेले नसतात. पोर्टलवर वर्गणीचा तपशील महिन्यागणिक बघा. महिना गाळलेला दिसला तर पगारचिठ्ठी जोडून शाखेत लेखी कळवा आणि प्रत मूळ कंपनीला द्या. कंत्राटी कामगारांच्या वर्गणीची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावरही येते, पीएफमध्येही आणि ईएसआयमध्येही. ही ओळ पत्रात असली की एचआर फोन उचलतो.

कारखाना कायमचा बंद झाला असेल किंवा कायद्याप्रमाणे कामगार कपात झाली असेल, त्यांनी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी करावी. तो भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळतो, पहिल्या वर्षी मजुरीच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५. राजीनाम्याच्या नोंदीवर ते दार उघडत नाही, म्हणून ज्यांच्यापुढे असा छापील कागद अजून यायचा आहे त्यांनी सही करताना खाली एक ओळ तरी लिहावी : 'काम नसल्याने थांबवले, म्हणून.' आणि कागदाचा फोटो काढावा.

पत्नीच्या औषधांची काळजी लगेच करू नका. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरचा लाभ चालतो, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर जानेवारी ते जूनचा. तुमची ऑगस्टपर्यंतची वर्गणी भरलेली असेल तर ३० जूनपर्यंत दवाखाना चालू राहायला हवा. खिडकीवर 'कार्ड बंद' म्हणाले तर वर्गणीच्या तपशिलाची छापील प्रत दाखवा.

एजंटचं उत्तर आता तुम्हीच काढू शकता. १ लाख ७९ हजारांचे दहा टक्के म्हणजे जवळपास १८ हजार, ज्या कामाला सरकारी फी नाही अशा कामासाठी. शिवाय आधार, ओटीपी आणि पासबुक एकाच माणसाच्या हातात गेलं की तो बँक खातंही बदलू शकतो. टायपिंगला मदत हवी असेल तर सेवा केंद्रात फॉर्म भरायचे पैसे द्या, ओटीपी मात्र स्वतःच्या हाताने टाका. 'प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता, दरमहा ६,००० रुपये' असे मेसेज फिरतात. ते खोटे असल्याचं पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, जाहीर केलेलं आहे, त्या लिंकवर माहिती भरू नका. भरून बसलात आणि पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

या आठवड्यात आधार केंद्र आणि ईएसआयची शाखा. नंबर जोडला गेला की नाव आणि तारीख, मग रांजणगावचं खातं वर्ग करण्याचा क्लेम. तो मंजूर झालेला दिसेपर्यंत फॉर्म १९ ला हात लावू नका. दरम्यान घरखर्चाला फॉर्म ३१ आहे.